भाद्रपदातलं उधाण

ताईच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला खिळ्याला कॅलेंडर टांगलेलं असतं. गॅसची टाकी कधी लावली, दूधवाल्याने किती खाडे केले, बाईंना किती उचल दिली, सगळं त्याच्यावर. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आलं त्या दिवशी तिने ते खिळ्याला लावायच्या आधी टेबलावर पसरलं, भाद्रपदाचं पान काढलं आणि पौर्णिमेपासून पंचमीपर्यंतच्या चौकटींभोवती लाल पेनाने एक लांबट रेघ ओढली. मग मला लातूरहून फोन केला. "तारखा ठरल्या गं," म्हणाली. "तारखा काय, तिथ्याच ठरल्या."

आम्ही दोघी बहिणी मालदीवला जाणार आहोत. पाण्याखाली उतरायला. ताई अठ्ठावन्न वर्षांची आहे, मी एकावन्न. आमचं गाव तुळजापूरपासून जवळ, बालाघाटाच्या डोंगररांगेत. तिथे उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी विहिरीच्या तळाला उतरणाऱ्या बाया आम्ही लहानपणी पाहिल्या आहेत. आमची आई त्यांतलीच एक. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो एकोणिसाव्या वर्षी आणि ताईने तर लग्नानंतर. त्यामुळे ही सहल ठरवताना आम्हाला जी घाई होते, जो जीव वर-खाली होतो, तो पाण्याकाठी वाढलेल्या माणसाला कदाचित कळणार नाही.

मालदीवमध्ये बा नावाचं एक प्रवाळबेटांचं कडं आहे. त्याच्या पूर्व काठावर हनिफारू नावाचा एक उथळ खळगा आहे, फुटबॉलच्या मैदानाएवढा. तीन बाजूंनी प्रवाळ, एका बाजूने तोंड उघडं. मे ते नोव्हेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे वाहतात, प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो आणि कड्याच्या पूर्वेच्या बाजूला खोलातलं गार, सकस पाणी वर येतं. त्याबरोबर प्लवंग, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे तरंगते जीव. भरती चढली की हे पाणी खळग्याच्या तोंडातून आत शिरतं, तिथल्या तिथे घुमतं आणि प्लवंग आत कोंडून राहतो. ताकात लोणी एका जागी गोळा व्हावं तसा. आणि मग मांटा येतात. मांटा म्हणजे पाकटाच्या जातीचा, पण शेपटीला काटा नसलेला मासा. पंख पसरले की तीन-साडेतीन मीटर भरतो. एक येते, तिच्या मागे दुसरी, रांग लागते. प्लवंग फारच दाट असला तर त्या एकीमागे एक गोल फिरू लागतात आणि फिरता फिरता त्यांचंच एक चक्र होतं, वादळासारखं, तळापासून वरपर्यंत.

हे मी पडद्यावर पाहिलं आहे, कितीदा ते मोजलेलं नाही. ताईला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं हातात तसंच राहिलं. तोंडाजवळचे दोन पर त्या मांटाने गुंडाळलेल्या कापडासारखे उलगडले आणि पाणी तोंडात ओढून घेतलं, तेव्हा ताई म्हणाली, "ही तर पदर पसरून मागतेय."

उधाणाला भरती सर्वांत मोठी, म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस धरायचे. कोकणात कोळ्यांना हे सांगावं लागत नाही. तिथीची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी सुस्त. हा वेळेचा हिशेब आपल्या किनाऱ्याचा, मालदीवचा वेगळा; पण चंद्र तोच, त्यामुळे उधाण तिथेही त्याच तिथ्यांना. परदेशातल्या सहलीच्या तारखा शोधायला मी संगणकापुढे बसले होते आणि उत्तर निघालं ताईच्या खिळ्यावरच्या पंचांगात.

मग एकेक पान उलटत गेलो. आषाढात ताईच्या नातवाची शाळा. श्रावणात मला सुट्टी नाही. सर्वपित्रीच्या अमावास्येचं उधाण मोठं, पण दुसऱ्या दिवशी घटस्थापना, आणि तुळजापूरच्या पायथ्याची माणसं घट सोडून कुठे जात नाहीत. उरली भाद्रपदाची पौर्णिमा. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपतीचं विसर्जन. आणि पौर्णिमेनंतर पितृपक्ष. आमच्या वडिलांची तिथी षष्ठी.

"विसर्जन करून रात्री निघायचं," ताई म्हणाली, "आणि षष्ठीला अण्णांचं पान वाढायला घरात पाहिजे."

"पितृपक्षात प्रवास चालेल तुला?"

"अण्णांना चालेल," ती म्हणाली.

पौर्णिमेला पोचायचं, पंचमीला परतायचं. उधाण पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी भरास येतं, म्हणजे प्रतिपदा, द्वितीया, तृतीया हे हाताशी येणारे खरे दिवस. आता यात आणखी एक गाठ होती. पाठीला हवेची टाकी लावून काही दिवस पाण्याखाली उतरलं की अंगात नायट्रोजन साठतो. तो श्वासावाटे बाहेर जायला वेळ लागतो. त्याआधी विमानात बसलं तर वरच्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होतात, सांध्यांत, मज्जारज्जूत, कुठेही. म्हणून शेवटची डाइव्ह आणि विमान यांत निदान अठरा तास ठेवायचे, आम्ही चोवीस धरले. म्हणजे चतुर्थीला टाकी बंद. चार दिवसांतला एक वाया, असं म्हणून मी हळहळले.

आणि मग लक्षात आलं की हनिफारूत टाकी चालतच नाही. २००९ मध्ये ती जागा संरक्षित झाली, २०११ मध्ये सगळं बा कडं युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांत आलं आणि २०१२ पासून तिथे स्कुबा बंद. बोटी वाढल्या होत्या, माणसं वाढली होती, टाकीतून सुटणाऱ्या बुडबुड्यांचे खांबच्या खांब वर यायचे आणि मांटा चरणं सोडून निघून जायच्या. आता फक्त मास्क, नळी आणि पायात फिन्स. एका वेळी ऐंशी माणसं, पंचेचाळीस मिनिटं, सोबत तिथला वाटाड्या. हात लावायचा नाही, वाट अडवायची नाही. ते चतुर्थीलाही करता येतं, विमानाच्या आदल्या दिवशी.

ताईला हे सांगितलं तेव्हा ती जरा वेळ बोलली नाही. "म्हणजे इतकं शिकलो, आणि जिथे जायचं तिथे टाकी काठावर ठेवून जायचं?"

"हो."

"म्हणजे आपल्या दमावर," ती म्हणाली. त्या शब्दाचे दोन्ही अर्थ तिच्या मनात होते, आवाजावरून कळत होतं.

शिकलो कसं, तेही सांगते. सहा वर्षांपूर्वी मी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर मालवणला गेले होते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या अंगाला बोटी उभ्या असतात, स्कुबाच्या. फोटोसकट, व्हिडिओसकट एवढे एवढे पैसे. आम्हाला खुणा नीट सांगितल्या नव्हत्या. ज्याने मला खाली नेलं त्याने टाकीला धरून सरळ दाबलं. दोन-तीन मीटरवरच कानात सुई घुसल्यासारखं झालं. मी अंगठा वर केला. माझ्या मते त्याचा अर्थ 'वर चला' होता, आणि तो तसाच आहे हे मला पुढे कळलं. पण तो हसला आणि त्याने कॅमेरा पुढे धरला. वर आले तेव्हा मास्कमध्ये रक्त होतं. नाकातलं होतं, कानाचा पडदा वाचला. महिनाभर डावा कान बंद होता. मला त्या माणसाचा राग येतो तो त्या रक्तामुळे नाही. त्याच मास्कमधून मला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा एक थवा दिसला होता, माझ्याकडे वळून पाहणारा, आणि त्याने मला तो वेदनेशिवाय पाहू दिला नाही.

दोन वर्षांनी मी अंदमानात स्वराज द्वीपला जाऊन चार दिवसांचा पूर्ण कोर्स केला. शिकवणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची होती. ती पहिल्याच तासाला म्हणाली, कान दुखायला लागल्यावर मोकळे करायचे नाहीत, दुखायच्या आधी करायचे. दर हातभर खाली गेलं की एकदा. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, त्यातला सगळ्यात मोठा फरक पहिल्या काही मीटरमध्येच पडतो, म्हणून घाई करायची ती वरच्या पाण्यात कधीच नाही. श्वास कधी रोखायचा नाही. तांबडा रंग आधी जातो. पाच-सहा मीटरखाली माझ्या नखांचं लाल पॉलिश तपकिरी दिसायला लागलं, तेव्हा मला भीती वाटली नाही, आपण दुसऱ्या कुणाच्या घरात आलो आहोत आणि इथला उजेड त्यांचा आहे, असं वाटलं.

ताई माझ्या मागून शिकली, छप्पन्नाव्या वर्षी. तिला पोहता येत नव्हतं. पालिकेच्या तलावात पहाटे बायकांची बॅच असते, तिथे ती अंगभर पोशाख घालून दीड वर्ष जात राहिली. कोर्ससाठी दोनशे मीटर पोहावं लागतं आणि दहा मिनिटं कशालाही न धरता तरंगावं लागतं. तरंगायच्या परीक्षेच्या वेळी ती पाठीवर पडून आभाळाकडे बघत होती. शिकवणाऱ्याने वेळ संपल्याचं सांगितलं तरी ती उठेना. नंतर म्हणाली, इतका वेळ कुणी काही मागितलं नाही असं कधी झालं नव्हतं.

पैशांचं ताईकडे आहे. लाल पुठ्ठ्याची वही आहे तिची. पतसंस्थेत दोघींची प्रत्येकी दरमहा पाच हजारांची आरडी, तीन वर्षांची. ती सुटली की प्रत्येकीचे एक लाख ऐंशी हजार आणि वर व्याज. वहीत डॉलरचा एक रकाना आहे, शेजारी त्या दिवशीचा भाव पेन्सिलीने, खोडता यावा म्हणून. मालदीवमध्ये पहिलं रिसॉर्ट १९७२ साली निघालं, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं तिथे जायचं म्हणजे एका बेटावर एकच हॉटेल असंच होतं. पाण्यावरची लाकडी घरं, काचेची जमीन. तिथली एक रात्र ताईच्या वहीतल्या पूर्ण सहलीला खाऊन टाकते. पण २००९च्या सुमारापासून गावांच्या बेटांवर पाहुणे ठेवायला परवानगी मिळाली. आम्ही उतरणार ते धरवंधू अशाच लोकवस्तीचं बेट, हनिफारूपासून बोटीने काही मिनिटांवर. माले विमानतळावरून छोटं विमान जातं. तरीही महाग आहेच. डाइव्हचे, बोटीचे, पर्यटनावरच्या कराचे, शिवाय रात्रीमागे माणशी सहा डॉलर हरित कर. ताईने तो रकाना वाचला आणि हा बरोबर आहे, म्हणाली, घ्यावाच त्यांनी.

एकदा मला वाटलं की एवढा पैसा खर्चणं बरं नव्हे. तिच्या दोन्ही मुलींची लग्नं तिने अशाच वहीतून केली, घराचा वरचा मजला अशाच वहीतून चढला. तिला तसं बोलून दाखवलं. तिने वहीचं पहिलं पान उघडून दाखवलं. वर गंध लावलेलं, खाली लिहिलेलं: 'हे पैसे कुणाच्याही लग्नाचे नाहीत.'

पुढची पानं आता प्रश्नांनी भरली आहेत, डाइव्ह सेंटरला विचारायच्या. एका गाइडमागे किती माणसं? बोटीवर ऑक्सिजन आहे का? प्रवाह जोराचा असला तर नवख्यांना कुठे उतरवता? मालदीवमध्ये हौशी लोकांना तीस मीटरच्या खाली जायला बंदी आहे, आमच्या दोघींच्या कार्डावर तर अठराच. दोन बेटांमधल्या वाटांना तिकडे कंडू म्हणतात, तिथून पाणी नदीसारखं धावतं; मोठे मासे तिथेच, पण आम्ही तिथे जाणार नाही असं ठरलं आहे. ताई रक्तदाबाची गोळी घेते. फॉर्मवर तिने ते दडवलं नाही. डॉक्टरांनी पट्ट्यावर पळवून, कागद बघून मग सही केली. त्या सहीची तीन झेरॉक्स तिने काढून ठेवली आहेत.

या सगळ्या तयारीत एक कवडी माझ्या टेबलावर आली. आमची आजी तुळजापूरच्या देवीची आराधी होती. गळ्यात कवड्यांची माळ, मंगळवारी परडी घेऊन पाच घरं मागायची. माळ तिच्याबरोबर गेली, एक सुटी कवडी देव्हाऱ्यात राहिली. पाठ पिवळट, हळदीने की वयाने ते सांगता येत नाही. पोटाला बारीक दातांची फट. तुळजापूरला समुद्र नाही, मग इतक्या कवड्या आल्या कुठून, हा प्रश्न मला पन्नाशीपर्यंत पडला नव्हता. शेकडो वर्षं हिंदुस्थानातल्या कवड्यांचा मोठा वाटा मालदीवहून यायचा. तिथल्या बायका नारळाच्या झावळ्या पाण्यात सोडून त्यांना चिकटलेल्या कवड्या गोळा करायच्या. चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूता तिथे काझी होता. बंगालचे लोक तांदूळ देऊन कवड्या नेतात, हे त्याने लिहून ठेवलं आहे. कवडीमोल म्हणतो आपण, ती कवडी एका देशाचं चलनी नाणं होती, आणि माझ्या आजीच्या गळ्यात देवीचं लेणं.

दुसरी गोष्ट तर आमच्या पायाखालचीच. साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून जो लाव्हा वर आला त्याने दख्खनचं पठार घडवलं, सह्याद्री घडवला, आमचा बालाघाट घडवला. ती चूल जागच्या जागी राहिली, वरची जमीन उत्तरेला सरकत गेली. जसजशी सरकली तसतसे त्याच चुलीवर पुढचे डोंगर भाजले गेले: लक्षद्वीप, मालदीव, चागोस यांच्या बुडाशी असलेली रांग. आज ती चूल रियुनियन बेटाखाली धगधगते आहे. मालदीवचे ज्वालामुखी थंड होऊन खचत गेले, आणि ते जितके खाली जात तितके त्यांच्या माथ्यावर प्रवाळ वर चढत, उजेड सुटू नये म्हणून. आता तिथे काळ्या दगडावर दोन किलोमीटरहून जाड चुनखडी आहे, सगळी प्रवाळांनी आणि शिंपल्यांनी घातलेली. विहीर खणताना आमच्या गावी सुरुंगाशिवाय जो फुटत नाही, तो दगड आणि मांटा ज्याच्यावर घिरट्या घालतात त्या खळग्याचा पाया एकाच चुलीवरचा आहे. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. ताईला सांगितलं तर ती सहज म्हणाली, "मग माहेरच झालं की."

शब्दांतही तसंच काही आहे. तिकडची धिवेही भाषा आपल्याच भाषाकुळातली. मासा म्हणजे मस, चंद्र म्हणजे हंदु. सकाळी ट्यूना कुस्करून त्यात खोवलेला नारळ, कांदा, मिरची, लिंबू घालतात, ती मसहुनी. सोबत रोशी, म्हणजे आपली रोटी. प्रवाळबेटांच्या कड्याला म्हणतात तो अ‍ॅटॉल हा शब्द जगाला मिळाला तोही धिवेहीतूनच.

मला सगळ्यात जड जातं ते प्रवाळांचं. १९९८ मध्ये समुद्र तापला आणि मालदीवचे उथळ प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडून मेले. सावरत होते तोवर २०१६ मध्ये पुन्हा तेच. त्या देशाची सगळ्यात उंच नैसर्गिक जागाही माणसाच्या उंचीपेक्षा फारशी जास्त नाही. १७ ऑक्टोबर २००९ रोजी तिथल्या मंत्रिमंडळाने टाक्या लावून समुद्राच्या तळाशी बैठक घेतली, जगाला सांगायला की आम्ही बुडतो आहोत. मंत्र्यांनी त्यासाठी आमच्यासारखंच आधी शिकून घेतलं होतं. आम्ही जाणार ते विमानाने, आणि विमानाचा धूर त्याच हवेत जातो जी तो समुद्र तापवते. यावर माझ्याकडे उत्तर नाही. एकदाच जायचं, जवळचं बेट, लहान घर, अंगाला लावायचं मलम प्रवाळाला न मारणारं, एवढंच हाती आहे, आणि ते पुरेसं नाही हेही कळतं. तरी जायचं आहे. ज्याच्यावर जीव आहे ते एकदा डोळ्यांनी पाहायचं आहे, त्याने आपल्याकडे पाहावं म्हणून.

आणि मांटा येतीलच असं नाही. हे आम्हाला सगळ्यांनी सांगितलं आहे. वारा फिरला, प्लवंग आला नाही, तर खळगा रिकामा. आरडी, तिथ्या, डॉक्टरांची सही, सगळं जुळूनही रिकामा. मांटाच्या पोटावर ठिपके असतात, प्रत्येकीचे निराळे. त्यांवरून मालदीवमध्ये चार हजारांहून अधिक मांटा ओळखून त्यांची नोंद ठेवली आहे. वर्षभर पोटात वाढवून एकच पिल्लू देतात, तेही दरवर्षी नाही. ताई त्या ठिपक्यांचे फोटो चष्मा पुसून पुसून बघते, लग्नाच्या अल्बमात कोण कुठल्या बाजूचं ते बघावं तसे.

ही गोष्ट या भाद्रपदाची नाही, पुढच्या भाद्रपदाची आहे. पण यंदाही पौर्णिमा आली. लातूरला पाऊस नव्हता, आभाळ स्वच्छ होतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला ताईचा फोन आला. भांडी आवरून ती गच्चीवर गेली होती.

"चंद्र दिसतोय का तुला?" तिने विचारलं.

माझ्या खिडकीतून दिसत नव्हता, समोरची इमारत आड येते. मी जिना चढून वर गेले, फोन कानाला तसाच.

"दिसला."

"उद्या-परवा येतील का गं त्या?"

"वारा असला तर येतील."

"आहे का वारा?"

मी तिकडचं हवामान पाहून ठेवलं होतं. "आहे," म्हणाले. "पश्चिमेचा."

"बरं," ताई म्हणाली. मग बराच वेळ आम्ही दोघीही फोन न ठेवता उभ्या होतो.